हेलिकॉप्टरचा मेकॅनिक आणि गावचा हौद

बन्सी शिरूरकडच्या एका वाडीतला, बौद्धवस्तीतला. नौदलात हेलिकॉप्टरचा मेकॅनिक. एकाहत्तर साली पाणबुड्या हुडकणारी नवी हेलिकॉप्टरं जहाजावर आली, तेव्हापासून तो त्यांच्यापाशीच. समुद्रावर अधांतरी थांबायचं, केबलला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडायचं आणि खाली दडलेल्या पाणबुडीचा कानोसा घ्यायचा, असलं त्यांचं काम. हेलिकॉप्टर डेकवर उतरलं की बन्सीची पाळी. खारं वारं पत्रा खातं, म्हणून दरवेळी ते गोड्या पाण्यानं धुवायचं. माणसांना आंघोळीला पाणी मोजून, पण हेलिकॉप्टरला लागेल तेवढं! आणि वहीत बन्सीची सही नसेल, तर केवढाही मोठा साहेब असो, उडू शकत नसे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो रजेवर आला. दुष्काळानं सगळं करपलेलं. दौंडला गाडीतून उतरून एसटीनं वाडीला पोचला, तर आई ताईबाई गावच्या हौदापासून दहा पावलं लांब, भर उन्हात, रिकामा हंडा घेऊन बसलेली. विहिरीचं पाणी इंजिनानं हौदात पडायचं, पण वस्तीतल्या बायांनी हौदाला शिवायचं नाही; कुणाला दया आलीच तर वरून ओतणार. त्यात कालपासून इंजिन बंद. बन्सीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरं, यंत्राला आंघोळ घालतो मी गोड्या पाण्यानं, आन् माझ्या आईला घोटभर न्हाई?

तेवढ्यात गावचे पुढारी मारुतराव हसत हसत आले. "बन्सी, बरा घावलास. दौंडचा फिटर काय येईना. बघ की जरा."

वा रे गाव! इंजिन उघडायला ह्याचे हात चालतात, हंडा बुडवायला ह्याच्या आईचे चालत नाहीत! दातओठ खात बन्सी विहिरीतल्या कट्ट्यावर, इंजिनापाशी उतरला. डिझेलच्या नळीत घाण अडकली होती, ती साफ केली आणि इंजिन फिरवायचं हँडल घेऊनच वर आला.

"इंजिन चालू हुईल. पर माझी आई हौदात हंडा बुडवणार, हे आधी कबूल करा."

मारुतरावांचं हसू कुठल्या कुठं गेलं. तहानेली गुरं हंबरत होती. "लई शाना झालास व्हय रं? बरं. आजच्या दिवस भरू दे तिला."

"आजच्या दिवस?" ताईबाई ताडकन उठली. बन्सीला वाटलं, आता आपल्यालाच गप्प बसवणार. जन्मभर तिनं तेच केलं होतं. पण तिनं त्याच्या हातातलं हँडल हिसकावून घेतलं. "ह्यो जाईल पंधरा दिसानं जहाजावर. म्या हितंच हाय. तुमची बैलं हौदाला तोंड लावत्यात, आन् म्या हातबी लावायचा न्हाई? रोजचं बोला, मारुतराव!"

मारुतरावांनी गुरांकडं पाहिलं आणि पचकन थुंकले. "भर रोज."

बन्सीनं खाली जाऊन हँडल मारलं; इंजिन धडधडलं, हौद भरू लागला. ताईबाईनं कोपरापर्यंत हात घालून हंडा बुडवला. पंचावन्न वर्षं ह्या गावात काढली, त्यात पहिल्यांदा. हंडा कधीच भरला होता, तरी ती हात बाहेर काढेना.