निळा नवरदेव

प्रत्येक घरात जुन्या चार्जरचा एक डबा असतो बघा. कुठला कशाचा ते कळत नाही, पण टाकवत नाही. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. एक काढायला जावं तर गुंतून चार बाहेर येतात!

दुकान डोंबिवली पूर्वेला. काम मॉनिटर रिपेअरिंगचं. मालक लिमये काका, सत्तरीला टेकलेले. बाहेरच्या व्हिजिट भूषण करतो, बाईक घेऊन. आणि मी सुषमा, दुकानात बसते, मॉनिटर उघडते, गिऱ्हाईकांशी भांडते. तिसरं काम मला जास्त चांगलं जमतं असं भूषण म्हणतो. म्हणू दे.

काकांचा एकच नियम. "एका वेळी एकच बदल!" स्क्रीन थरथरतेय? आधी केबल बदला. बघा. मग प्लग बदला. बघा. मग दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. बघा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मॉनिटर सुरू झाला, तरी काका ओरडणार, "दोष कशात होता ते कळलं का? नाही ना? मग ही रिपेअरिंग नाही, लॉटरी आहे!"

*

घोडबंदर रोडला एका टॉवरमधून फोन आला. साहेब घरून काम करायचे. मीटिंगच्या मधेच स्क्रीन काळी व्हायची आणि आपोआप परत यायची. भूषण त्या ट्रॅफिकमधून कसाबसा पोचला. केबल बदलली, प्लग बदलला, आमचा मॉनिटर लावून पाहिला. तरी तेच! वैतागून त्याने काकांना फोन लावला.

काकांनी विचारलं, "जाते कधी?"

"काका, काही नेम नाही. आत्ता साहेब पाणी प्यायला उठले तेव्हा गेली."

"मग आता खुर्ची बदल."

भूषणला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण डायनिंगचं स्टूल आणून ठेवलं आणि स्क्रीन एकदम गुणी बाळ! त्या गॅसवाल्या खुर्चीवरून उठलं की बारीकसा करंट सुटतो आणि साधी केबल तो पकडते. भूषणने जाड, चांगली केबल लावून दिली.

सगळं ऐकून आतून बाई म्हणाल्या, "म्हणजे हे उठले की स्क्रीन बंद पडते होय? मला तर वाटायचं, हे बसले की घर बंद पडतं!"

*

कोलशेतला खाडीच्या बाजूला एक कोळ्यांचं घर आहे. सून सुक्या मासळीच्या ऑर्डरी ऑनलाइन घेते. तिच्या स्क्रीनवर आडव्या रेघा यायला लागल्या. भूषण गेला तर काय, केबल टेबलाच्या पायाला करकचून बांधलेली! केबल सारखी निसटते म्हणून सासऱ्यांनी होडीच्या दोराला मारतात तशी गाठ मारलेली. आतल्या तारांचा पार भुगा.

भूषणने गाठ सोडवायला बोटं घातली, मग दात लावले. म्हातारबाबा शांतपणे बिडी ओढत बघत होते.

"आमची गाठ हाय ती," ते म्हणाले. "वादलात सुटाची नाय, तुज्या दातांनी काय सुटतंय?"

शेवटी केबल कापली. नवी लावली, मागचे स्क्रू नीट आवळले आणि भूषणने हात जोडून सांगितलं की बाबा, हिला बांधू नका. बाबा तेवढ्यापुरते हो म्हणाले. पुढच्या वेळी भूषण गेला तेव्हा केबल मोकळी होती आणि मॉनिटर बांधलेला होता.

*

आता जरा काकांचं सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. आम्हाला दिसत होतं, त्यांनाच दिसत नव्हतं. बोर्डावर टेकवायची तापलेली सोल्डरिंग गन एकदा स्वतःच्या बोटावर टेकवली. मी म्हटलं, "काका, डोळे दाखवून या." तर म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. तू मॉनिटर दाखव."

घरी कोणी नाही, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. दुकान हेच त्यांचं सगळं. डोळे गेले तर ते काय करतील? आणि बोलायला जावं तर वसकन अंगावर यायचे. मी काही कमी आहे का? मीही तेवढ्याच जोरात ओरडायचे. मोतीबिंदू मात्र आपला आरामात पिकत होता.

*

दुकानात एक रीत होती. रिपेअर झालेल्या मॉनिटरवरचे रंग शेवटी काका स्वतः जुळवणार. बटणं दाबत, मान तिरकी करत. त्यानंतर कोणी हात लावायचा नाही.

कल्याणचे फोटोवाले पाटील लग्नाचे अल्बम करतात. त्यांचा मॉनिटर आमच्याकडून गेला आणि दुसऱ्याच दिवशी ते मॉनिटर रिक्षात घालून हजर!

"काका, नवरदेव निळा दिसतोय!"

काकांनी मॉनिटर लावला, जवळ जाऊन पाहिला, लांबून पाहिला. "कुठे निळा? चांगला गोरापान आहे."

"अहो, कृष्ण दिसतोय कृष्ण! मुलीकडचे मला मारतील!"

"पाटील, तुमच्या डोळ्यांना पिवळ्याची सवय लागलीय," काका म्हणाले. "डोळे तपासून घ्या."

मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं, म्हणून काकाच निळा वाढवून ठेवत होते. मी टेबलाखाली स्क्रू शोधायला वाकले. स्क्रू पडलाच नव्हता, पण तोंड कुठे लपवू? त्या दिवसापासून भूषण प्रत्येक मॉनिटर गिऱ्हाईकाच्या दारात परत नीट करून द्यायला लागला. काकांना कोणी सांगायचं? मी नाही, भूषण तर नाहीच नाही!

*

मग एक दिवस काकांनी स्वतःच्याच मॉनिटरवर चिडून टेबल बडवलं. "हा बिघडलाय! धुरकट दिसतंय, अक्षरं थरथरतायत. सुषमा, बघ गं."

मी म्हटलं, बघतेच. केबल बदलली. "आता?" "धुरकट." प्लग बदलला. "धुरकट." दुसरा कॉम्प्युटर लावला. शेवटी खोक्यातून कोरा मॉनिटर काढून समोर ठेवला. "आता?"

काका बराच वेळ बघत राहिले. "धुरकटच आहे," हळूच म्हणाले.

"काका, नियम तुमचाच आहे. सगळं एकेक करून बदललं. आता एकच पार्ट राहिलाय."

मला वाटलं, आता हाकलतायत मला. काकांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.

"कळतं गं मला," ते म्हणाले. "घाबरतो. पार्ट बदलला आणि नाही चालला तर? मॉनिटर भंगारात देता येतो. मला कुठे देशील?"

मला रडूच आलं. मी रडत रडतच ओरडले, "तुम्हाला कोण भंगारवाला घेणारे? उद्या सकाळी तयार राहा!"

*

ठाण्याच्या डॉक्टरीणबाई काकांची नात शोभतील एवढ्या लहान. तपासून म्हणाल्या, "आजोबा, दोन्ही डोळ्यांचं करावं लागेल. पण आधी उजवा करू. तो कसा होतो ते बघू, मग डावा."

काका खुर्चीत सरळ बसले. आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"एका वेळी एकच?"

"हो, एका वेळी एकच."

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी हुशार आहे. हिच्याकडून करून घेऊ!"

*

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर काका काळा गॉगल लावून दुकानात आले तेव्हा भूषणने सकाळपासून झाडून पुसून ठेवलेलं. काका सरळ आपल्या जागेवर बसले. मॉनिटर चालू केला आणि गॉगल काढला.

मी आणि भूषण मागे उभे. काका हलेचनात.

"काका, दिसतंय ना?" मी विचारलं.

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. उजव्या डोळ्यावर हात ठेवला, डाव्याने पाहिलं. मग डाव्यावर ठेवला, उजव्याने पाहिलं. परत उजवा झाकला. परत डावा. भूषण हळूच वरच्या पंख्याकडे बघायला लागला.

शेवटी काकांनी हात खाली घेतला.

"सुषमा," ते म्हणाले, "पाटलांना फोन लाव. सांग त्यांना, नवरदेव निळाच होता!"