आर्डिस ट्वेटनची काडतुसं

आर्डिस ट्वेटनने भरलेलं काडतूस डोळे झाकून उडवावं, असं गावातले सगळे पिस्तूलवाले म्हणायचे. दुकानातली तयार काडतुसं काय, मिळायचीच. पण आर्डिसच्या काडतुसांनी कागदावर पडलेली पाच भोकं एका नाण्याखाली झाकली जात. नॉर्थ डकोटाच्या त्या वाऱ्याच्या गावात एवढी कीर्ती पुष्कळ झाली.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उभी हयात गेली. तिथून सुटल्यावर तिने तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, आपलं बाकडं मांडलं. जन्मात बिअरचा थेंब न चाखलेली ही लुथरन पंथाची बाई तिथे बसून दारू मोजायची, बंदुकीची. उडवलेल्या पितळी पुंगळ्या धुवायची, बुडात दारू पेटवणारी नवी टिकली बसवायची, लाकडी ठोकळ्याच्या भोकांत त्या ओळीने उभ्या करायची, प्रत्येकीत दारू ओतायची आणि वर शिशाची गोळी दाबून बसवायची. नवीन मिश्रण ठरवायचं तर दारूचं माप केसाएवढं कमीजास्त करून बघायची. हात वाळूच्या पिशवीवर टेकवून नेम धरायचा, भोकं किती जवळ पडतात ते पाहायचं, आणि त्याच वेळी गोळी वेग मोजायच्या यंत्रावरून जाऊ द्यायची.

"भोकं जवळ आणि वेगाचे आकडे लांब लांब, तर ते नुसतं नशीब," ती म्हणायची. "नशिबावर मी बटाटेसुद्धा उकडत नाही."

त्या मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी ती नव्या घाण्याची काडतुसं घेऊन नवऱ्याबरोबर, ऑर्लिनबरोबर, गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत गेली. तिने रिव्हॉल्व्हर पिशवीवर टेकवलं. ऑर्लिन आकडे वाचू लागला.

"सातशे चार. सातशे आठ. सातशे एक. वा, बाईसाहेब!"

चौथा बार वेगळाच वाजला. रिव्हॉल्व्हर तिच्या कपाळापर्यंत उसळलं. ऑर्लिन यंत्राकडे बघतच राहिला.

"किती?" तिने विचारलं.

"अकराशे नव्वद. छे! येडं झालंय हे. डोक्यावर ढग आला की असंच करतं."

आर्डिसने पुंगळ्या काढायला रिव्हॉल्व्हर उघडलं. तीन निघाल्या. चौथी हलेना. ऑर्लिनने लाकडाची काडी घालून ठोकली, तेव्हा कुठे ती बाहेर आली. बुडाची टिकली चपटी होऊन पार पसरली होती. आर्डिसचा तळहात अजून झिणझिणत होता.

"ढगाने हात झिणझिणत नाही, ऑर्लिन," ती म्हणाली.

घरी येऊन तिने उरलेली काडतुसं एकेक ठोकून उघडायला सुरुवात केली. बहुतेक ठीक निघाली. मग एकातून दारू पडलीच नाही, पुंगळी कोरडी ठाक. आणि त्यानंतरच्या एकातून पडली ती तराजूत दुप्पट भरली. तिने पुन्हा मोजली. तराजू पुसून तिसऱ्यांदा मोजली. मग ती खाली फरशीवरच बसली.

"हे मी भरलं?" ती म्हणाली.

ऑर्लिनने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कुणाला सांगायचं कारण नाही. टिकल्या खराब निघाल्या म्हणू आणि डबे गुपचूप परत आणू."

"या घाण्यातला एक डबा जोलीनकडे गेलाय."

जोलीन पोस्टातली मुलगी, दोन लेकरांची आई. आज तिची पहिली मोठी स्पर्धा होती, शेजारच्या गावी. तिथल्या क्लबात फोन नुसता वाजत राहिला. ऑर्लिनचा गुडघा सुजलेला, म्हणून ट्रक आर्डिसनेच काढला आणि मातीच्या रस्त्यावरून धूळ उडवत सोडला.

"अगं, डावीकडे बघ!" ऑर्लिन ओरडला आणि त्याने स्टिअरिंग खेचलं. धाडकन आवाज झाला. शेजाऱ्यांची टपालाची पेटी खांबासकट शेतात जाऊन पडली.

"दिसली नाही तुला?"

"काय दिसली नाही?"

"पेटी! एवढी मोठ्ठी लाल पेटी!"

आर्डिसने मान पूर्ण डावीकडे वळवली. तेव्हा तिला डावा आरसा दिसला, तुटून तारेवर लोंबणारा. ती घाबरून नवऱ्याकडे बघू लागली. तो निमूट उतरला, लंगडत पलीकडून आला आणि तिला सरकवून स्वतः चालवायला बसला.

स्पर्धेच्या मैदानावर दोघं पोचली तेव्हा नेमबाज ओळीने उभे होते. आयुष्यात कधी चारचौघांत आवाज न चढवलेली आर्डिस धावत ओळीपर्यंत गेली.

"थांबवा! बंदुका खाली ठेवा! जोलीन, हात लावू नकोस त्या डब्याला!"

पंचाने शिट्टी फुंकली. जोलीनने कानांवरची झापडं काढली. तिचा डबा निम्मा रिकामा झाला होता.

"माझ्या काडतुसांत दुप्पट दारू पडलीय," आर्डिस सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माझ्याच हातून. कुणाकडे असतील त्यांनी एकही उडवू नका."

मागून कुणीतरी म्हणालं, "तुझ्या हातून, आर्डिस? शक्यच नाही."

"मलाही तसंच वाटत होतं."

गर्दी पांगल्यावर सेल्मर ब्रेक्के तिच्याजवळ आला. सेल्मर हा ऑर्लिनचा लहानपणापासूनचा मित्र. तीन आठवड्यांपूर्वी गवताचे गठ्ठे बांधायचं यंत्र दुरुस्त करताना त्याची दोन बोटं चिरडली, असं सगळ्या गावाला ठाऊक होतं. या वयात यंत्राशी हात मिळवायला गेलास का, म्हणून सगळ्यांनी त्याची टिंगलही केली होती.

"आर्डिस," तो हातावरच्या पट्टीशी चाळा करत म्हणाला, "ते यंत्र नव्हतं गं."

"म्हणजे?"

"रिव्हॉल्व्हर फुटलं हातात. मला वाटलं, जुनंच आहे. मग तुझ्या डब्यातलं आणखी एक काडतूस उघडून बघितलं."

"आणि?"

"दुप्पट होती. उरलेली मी तळ्यात टाकून दिली."

सकाळपासून आर्डिसला आपल्याच हातांची भीती वाटत होती. हे त्याहून भयंकर होतं.

"तुझी बोटं गेली, आणि पुढच्या रविवारी तू माझ्याशेजारी बसून केक खाल्लास?"

"कसं सांगणार होतो? तुझं एवढं नाव... वाटलं, एखादं चुकलं असेल. उगाच तुझं मन कशाला दुखवायचं."

"मन!" ती कडाडली. मैदानाच्या टोकापर्यंत माणसं वळून बघू लागली. "ती पोरगी बघ, सेल्मर! माझं मन राखायला तिचे डोळे द्यायला निघाला होतास तू!"

सेल्मर तिथेच, सगळ्यांसमोर, मुलासारखा रडला. तिने त्याला उगी केलं नाही.

जोलीनच्या डब्यातली उरलेली काडतुसं त्यांनी क्लबातल्या टेबलावर उघडली. त्यात एक दुप्पट निघालं. जोलीनने ती दारू तळहातावर घेऊन बघितली. "पुढच्या फेरीत गेलं असतं हे," एवढंच ती म्हणाली.

आर्डिसला फार्गो शहरात नेऊन डॉक्टरांनी तपासलं. हिवाळ्यात कधीतरी तिच्या मेंदूत रक्ताची बारीकशी गुठळी अडकून गेली होती. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं झालं होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. दिव्याखाली ठोकळा धरून ती सगळ्या पुंगळ्यांत नजर टाकायची, तेव्हा डावीकडची ओळ तिला दिसतच नसे. कधी ती भरायची राहून जाई, कधी पुन्हा भरली जाई.

"पण मला तर सगळं दिसत होतं," ती डॉक्टरांना परत परत सांगत राहिली.

बाकडं आता जोलीन चालवते. आर्डिस शेजारी बसते, तिच्यावर ओरडते, आणि प्रत्येक घाणा यंत्रावरून गेल्याशिवाय कुणाला देऊ देत नाही. जोलीनच्या काडतुसांची भोकं अजून आर्डिसच्याएवढी जवळ पडत नाहीत. लोक तरी घेतात.

सेल्मरशी तिने सगळा उन्हाळा अबोला धरला. सोयाबीन काढायच्या सुमारास तो एक दिवस खाणीत आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला. तिने थर्मासमधून कॉफी ओतून त्याला दिली.

"कशी झालीय?"

"छान आहे."

"सेल्मर."

त्याने आणखी एक घोट घेतला. "जळकी लागते," तो म्हणाला. "सकाळची आहे का?"

"कालची," आर्डिस म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला बसायला खुर्ची सरकवली.