भरलेला फळा

ओल्या फळ्याला एक वास असतो. कोळसा आणि घेवड्याचा पाला एकत्र वाटून फासलेल्या काळ्या भिंतीवरून पाण्यात बुडवलेलं फडकं फिरलं, की खडूची भुकटी, शिळं पाणी आणि पाल्याचा किंचित कडवट दर्प असं सगळं मिसळून हवेत येतं, आणि मग ऊन लागताच फळा कडांकडून मध्याकडे हळूहळू वाळत जातो. परवा एका शाळेच्या उघड्या दारावरून जाताना तो वास आला आणि मी थबकले. तुम्हाला खरं सांगते, हा वास मला कधीच शाळेत नेत नाही. तो मला थेट आमच्या गावच्या एसटी थांब्यावर नेऊन उभी करतो, आणि तिथं उभं राहायची माझी अजूनही तयारी नसते.

नगरहून पुण्याच्या रस्त्याने केडगाव मागे टाकून सुप्याकडे निघालं, की मध्ये आमचं गाव लागतं. थांब्याला लागून रामभाऊंचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे दोन बाकं, एक भट्टी आणि एक कायम गळणारं पिंप. हॉटेलच्या भिंतीवर लाल चौकटीचा फळा, आणि रस्त्यापलीकडे खत-बियाण्यांच्या दुकानाच्या भिंतीवर भगव्या चौकटीचा. लाल फळा माझ्या वडिलांचा. दादा सुप्याला कारखान्यात फिटर होते आणि युनियनचं काम जीव ओतून करत. भगवा फळा दुकानाचे मालक वसंतकाका यांचा. दोघं एका वर्गात शिकलेले, एकाच मास्तरांच्या हातच्या छड्या खाऊन एकसारखं वळणदार अक्षर कमावलेले. सकाळी कारखान्याची गाडी यायच्या आधी दादा आपला फळा पुसून नवा मजकूर लिहीत, आणि दुकान उघडण्याआधी काका आपला. पाण्याची बादली मात्र एकच, रामभाऊंची, आणि ती रस्ता ओलांडून इकडून तिकडे जायची.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवात होती. देशात वादाला विषयांची वाण नव्हती: डंकेलचा व्यापार-करार, खासगीकरण, मंदिर, मशीद, स्वदेशी. दादा लिहीत, 'कारखाने विकून देश चालतो का?' पलीकडून दुसऱ्या सकाळी उत्तर येई, 'संपाने कारखाने चालतात का?' ज्याची ओळ सरस ठरे त्याला दुसऱ्याने चहा पाजायचा, आणि सरस कोण हे रामभाऊंनी ठरवायचं, अशी त्यांच्यातली रीत. "सोपाना, आज लई झोंबलं बघ," असं काका बशीत चहा ओतता ओतता म्हणत, आणि दादा मिशीत हसून म्हणत, "झोंबायलाच लिव्हलं हुतं, वश्या." किती निर्मळ होतं ते भांडण! गाडीतून जाणारी माणसं खिडकीबाहेर मान काढून दोन्ही फळे वाचत आणि पुढच्या गावापर्यंत त्यावर बोलत जात.

पण या फळ्यांचं खरं काम वेगळंच होतं, आणि ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गावात कुणाचं निधन झालं, की दोन्ही फळे आधी स्वच्छ पुसले जात. मग बरोबर मध्यभागी, मोठ्या अक्षरांत, तीनच ओळी: गेलेल्या माणसाचं नाव, अंत्यविधीची वेळ, दहाव्याचा दिवस. बाकी सगळा फळा काळा, मोकळा. दहावा उरकेपर्यंत त्यावर राजकारणाचं एक अक्षर उमटायचं नाही. लांबच्या पाहुण्यांना एसटीडी बूथवरून फोन जाई, पण जवळच्या गावांना वेगळा निरोप धाडायची पद्धतच नव्हती. गाडीचा कंडक्टर फळा वाची आणि पुढच्या प्रत्येक थांब्यावर सांगत जाई. आणि ज्याच्या स्वतःच्या घरी सुतक असेल, त्याने खडूला हात लावायचा नाही. त्याचा फळा समोरच्याने लिहायचा, न बोलावता, न विचारता. आमचे आजोबा गेले तेव्हा आमचा फळा वसंतकाकांनी लिहिला होता. काकांची आई गेली तेव्हा दादांनी. विरोधकाच्या हातून आपल्या माणसाचं नाव लिहिलं जावं, यात केवढी माया होती, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. तेव्हा ते फक्त रोजच्यासारखं वाटायचं.

वाद नेमका कुठल्या दिवशी नासला, हे मला सांगता येत नाही. दूध नासतं तेव्हा कुणाला त्याचा क्षण दिसतो? बाहेर देशाची हवा तापत गेली. दोन्हीकडे तरुण पोरांचे घोळके उभे राहू लागले आणि रामभाऊंचा निवाडा कुणाला पटेनासा झाला. आधी 'तुमचं धोरण' म्हणत, ते 'तुमचे लोक' झालं, आणि मग 'तुम्ही'. चहा वेगळा झाला, बादली वेगळी झाली. गंमत म्हणजे, जसजसा द्वेष वाढला तसतसे हे दोघं एकमेकांना अदबीने संबोधू लागले. वश्याचा वसंतराव झाला आणि सोपानाचा सोपानराव. तो आदर कानाला कसा टोचायचा, काय सांगू!

आणि मग एका सकाळी माझ्या वडिलांनी, त्याच सुंदर अक्षरात, लिहिलं: 'घरातले पांढरे डाग झाकून हे निघाले देश उजळायला.' वसंतकाकांच्या बायकोच्या, सुमनकाकींच्या हातांवर आणि ओठांभोवती कोडाचे डाग होते. अख्ख्या गावाला ते माहीत होते आणि त्याविषयी कुणी कधी बोललं नव्हतं. दुसऱ्या सकाळी पलीकडे ओळ आली: 'नांदती लेक ठेवता आली नाही, हे निघाले जगाचा संसार मांडायला.' माझी थोरली बहीण, आक्का, राजूरला दिली होती. सासरी हाल झाले म्हणून ती परत आली होती आणि नगरला एका शिवणाच्या दुकानात कामाला जात होती. म्हणजे रोज सकाळी त्याच थांब्यावर, त्याच दोन फळ्यांच्या मध्ये, ती गाडीची वाट पाहत उभी राहणार होती. मीही कॉलेजला त्याच गाडीने जायची. आक्काने ती ओळ वाचली, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि गाडी यायच्या दिशेने तोंड करून उभी राहिली.

मला अजूनही राग येतो तो या गोष्टीचा, की शिव्या कुणी कुणाला दिल्या आणि लागल्या कुणाला. डंकेलशी काकींचा काय संबंध होता? मंदिराशी आक्काचं काय वैर होतं? उलट आक्का परत आली तेव्हा तिच्याजवळ येऊन बसणारी पहिली बाई काकीच होत्या. "रडून घे, पर जेवून रड," असं म्हणून त्यांनी तिला भाकरी भरवली होती. फळ्यावर ती ओळ आल्यानंतरही दोघी मागल्या नळावर भेटत, एकीच्या हंड्याला दुसरी हात लावी. "माझं डाग का लपल्यात कुनापासनं? समद्यांनी बघितल्यात," काकी हसून म्हणाल्या होत्या. पण त्यानंतर त्या लांब बाह्यांची पोलकी घालू लागल्या, तीही आक्काकडूनच शिवून घेतलेली.

पूर्वी फळा रोज पुसला जायचा. आता तसं राहिलं नाही. त्या दोन ओळी पुसट झाल्या की दोघंही त्या पुन्हा गिरवत, आणि उरलेल्या जागेत खाली नवा मजकूर दाटून भरत. आईने एकदाच दादांना विचारलं, "किती दिस ठिवायचं ते?" दादा म्हणाले, "त्यांनी पुसलं की आमी पुसू." पलीकडच्या घरातही असंच कुणी विचारलं असेल आणि हेच उत्तर मिळालं असेल, याबद्दल मला शंका नाही.

दिवाळीनंतर काकींनी पोटाच्या दुखण्याने अंथरूण धरलं आणि ज्वारी हुरड्यात असताना, एका थंड सकाळी, त्या गेल्या. रडण्याचा आवाज आमच्या अंगणापर्यंत आला. आक्का होती तशी धावली. दादांनी कोनाड्यातला खडू उचलला, वहाणा घातल्या, दारापर्यंत गेले आणि तिथंच उभे राहिले. काय चाललं असेल त्यांच्या मनात? मी समोर होते, मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्या बाईचे डाग ज्या हाताने लिहिले त्याच हाताने आता तिचं नाव कसं लिहायचं, हे तर नसेल? की त्या भगव्या चौकटीजवळ गेल्यावर पोरं हात धरतील, याची भीती? ते परत आले आणि खडू जागेवर ठेवून म्हणाले, "बोलावणं आलं तर जाईन." आई म्हणाली, "बोलावून लिवायची रीत हाय का ही?" दादांनी वहाणा काढल्या. तिकडे काका ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत होते, असं आक्काने नंतर सांगितलं. ते कुणाची वाट पाहत होते, हे तिला विचारावं लागलं नाही.

दोन्हीकडच्या पोरांचं म्हणणं एकच होतं: आधी त्यांनी पुसावं, मग आम्ही. दुपारी काकींची तिरडी त्याच रस्त्याने, दोन भरलेल्या फळ्यांमधून गेली. दादा सर्वांत मागे, मान खाली घालून चालत होते. गाड्या आल्या, थांबल्या, सुप्याकडे गेल्या. कंडक्टरने खिडकीतून फळा वाचला असेल आणि घंटी दिली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नेहमीप्रमाणे थांब्यावर होतो. दादा रामभाऊंच्या बाकावर कारखान्याच्या गाडीची वाट पाहत होते. सुप्याकडून नगरची एसटी आली आणि तिच्यातून यमुनामावशी उतरल्या. काकींची सख्खी धाकटी बहीण, दोन थांबे पलीकडच्या वाडीत दिलेली. काखेत फडक्यात बांधलेला कोवळा हुरडा, चेहरा प्रसन्न. आक्काला पाहताच त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या, "ताईला लई आवडतू म्हनून पहाटं कनसं भाजून आनला गं. रातभर वंगाळ सपान पडत हुतं. गाडीतनं भीत भीतच बघितलं. पर फळं दोनी भरल्यालं दिसलं, तवा जीवात जीव आला. म्हनलं, ताई हाय."

मावशींना अक्षरओळख नव्हती. तीन ओळींचा काळा फळा आणि गच्च भरलेला फळा, एवढंच त्यांना वाचता येत होतं, आणि आजवर तेवढं पुरलं होतं. गावात भांडण चालू आहे म्हणजे गावात कुणी गेलेलं नाही, हा त्यांचा हिशेब, आणि तो चुकीचा नव्हता. त्यांनी लाल फळ्याकडे मान वळवली आणि कौतुकाने विचारलं, "काय लिव्हलंय गं आज?"

वरची ओळ तीच होती, पांढऱ्या डागांची, पुन्हा पुन्हा गिरवलेली. आक्काने फळ्याकडे पाहिलं नाही. "काही न्हाई मावशी, रोजचंच," ती म्हणाली, आणि हुरड्याचं गाठोडं आपल्याकडे घेऊन, मावशींचा हात धरून, त्यांना काकींच्या घराकडे घेऊन निघाली. आमची गाडी निघून गेली. थोड्या वेळाने, गल्लीचं वळण जिथं आहे तिथून, मावशींचा आवाज आला. मी तो लिहू शकत नाही.

दादा उठले. रामभाऊंची बादली त्यांनी उचलली, खांद्यावरचा टॉवेल तिच्यात बुडवला आणि फळा पुसला. मग रस्ता ओलांडला. भगव्या फळ्याजवळची पोरं बाजूला झाली, कुणी हात धरला नाही, आणि दादांनी तोही पुसला. कालही कदाचित धरला नसता. दोन्ही ओल्या फळ्यांचा वास त्या थंड हवेत दाटला आणि ते खडू हातात धरून वाळायची वाट पाहत राहिले. मग लिहिलं. नाव लिहिलं, दहाव्याचा दिवस लिहिला, आणि अंत्यविधीच्या ओळीशी त्यांचा हात थांबला. तिथं त्यांना 'काल' असं लिहावं लागलं. त्या फळ्यांवर हा शब्द यापूर्वी कधी आला नव्हता.

दहाव्याला काका घाटावरून परतताना थांब्याशी उभे राहिले. दोन्ही फळे त्यांनी सावकाश वाचले. दादा समोरच होते. मला वाटलं, आता ते 'सोपाना' म्हणतील, दोघं रडतील आणि सगळं धुऊन निघेल. काका म्हणाले, "उशीर झाला, सोपानराव." आणि निघून गेले. त्यानंतर दादांनी खडू हातात घेतला नाही, काकांनीही नाही, आणि ते दोघं पुन्हा कधी एका बाकावर बसले नाहीत. फळे मात्र रिकामे राहिले नाहीत. दोन्हीकडची पोरं लिहीत राहिली, आणि त्यांना चहाची ती जुनी रीत माहीतच नव्हती.

आता माणसं हातातल्या काचेवर भांडतात. कुणी गेल्याची बातमी येते, आणि तिच्याखालीच त्या माणसाची आई, बायको, लेक काढली जाते. कुणी पुसत नाही, दहाव्यापर्यंत कुणी थांबत नाही. मी ते वाचते आणि बाजूला ठेवते. नातीने परवा विचारलं, काय लिहिलंय एवढं, आणि माझ्या तोंडून आक्काचेच शब्द निघाले. शाळेच्या दारातला तो ओला वास नाकात होता तोवर मला एसटीच्या खिडकीतला एक चेहरा दिसत राहिला. भरलेला फळा बघून त्या चेहऱ्याला बरं वाटलं होतं.