आबांची चार बोटं

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आमच्या गाडीचं एक माप वहीत लिहितो. पुढच्या डाव्या टायरच्या माथ्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर, मिलिमीटरमध्ये. गाडी अंगणातल्या फरशीवर, टाकी अर्धी, चारही टायरांत हवा सारखी, आणि डाव्या सीटवर माझे वडील बसलेले. त्यांना आम्ही आबा म्हणतो. बाकीच्या अटी मी घातलेल्या आहेत. आबा बसलेले असावेत ही अट त्यांची.

मी मोजणी खात्यात नोकरीला आहे. सत्तावीस वर्षं लोकांच्या शेताचे बांध मोजतोय. घर लोणखेड्याला, नोकरी तालुक्यात. मुलगी नोकरीला बाहेर गेली तेव्हा घरातली चार दारांची गाडी विकून मी सुरतेहून एक दोन दारांची, बुटकी, पंधरा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार आणली. कॉलेजात असताना अशा गाडीचं चित्र वहीच्या आतल्या पुठ्ठ्याला चिकटवलेलं होतं. याहून मोठं कारण नव्हतं.

आबांनी गाडीला एक फेरी मारली आणि काठी टेकून उभे राहिले.

"हाई गाडीमा बठानं का निजानं?"

घरात आम्ही सगळे अहिराणीच बोलतो. शुद्ध मराठी मी कचेरीत जाताना शर्टासारखी घालतो.

त्यांचा टोमणा पुढे खरा ठरला, आणि उपयोगीही. आबांच्या कमरेच्या मणक्यात दोष आहे. ताठ बसलं की अर्ध्या तासात पाय बधिर होतात. एसटी, रिक्षा, भाच्याची उंच गाडी, सगळं करून झालं होतं. या गाडीची सीट मात्र मागे रेलते आणि पाय पुढे पसरता येतात. एक दिवस सहज बसले आणि पाऊण तास उठलेच नाहीत. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रेलून बसणं चांगलंच, फक्त दणका बसता कामा नये. आणि खोकलाही टाळा.

त्याच आठवड्यात धडगावहून निरोप आला. आबांनी एकोणीस वर्षं शहादा-धडगाव जीप चालवली. त्यांचे एक जोडीदार होते, वरच्याच एका पाड्यातले. आबा स्टिअरिंगवर, ते मागच्या फळीवर उभे. माणसं गोळा करणं, टपावरची गाठोडी बांधणं, घाटात उतरून चाकामागे दगड लावणं ही त्यांची कामं. त्यांना काचबिंदू झाला होता. दोन्ही डोळ्यांची नजर कडेकडून आत मिटत चालली होती. निरोप इतकाच होता, की दिसतंय तोवर एकदा येऊन जा.

 संध्याकाळी आबा गाडीत जाऊन बसले आणि दार ओढून घेतलं.

गाडीचे जुने शॉकअप संपलेले होते, तेल गळत होतं. नवे बसवायचेच होते. कंपनीचे मूळ भाग मिळत नव्हते, म्हणून बाहेरचे घ्यायचे ठरवलं. चार दिवस तक्ते वाचून मी पुण्याच्या एका विक्रेत्याला फोन केला. त्याच्याकडे असा संच होता, की स्प्रिंग आणि शॉकअप एकाच दांड्यावर, दांड्याला आटे, आणि आट्यांवर एक कडं. कडं फिरवलं की गाडी वर किंवा खाली. वरच्या टोकाला एक बटण, त्याचे चोवीस खटके. जितके खटके पुढे, तितका शॉकअप कडक.

"सर, ट्रॅकवर किती जाता?" त्याने विचारलं.

"धडगावला जायचंय."

"तो ट्रॅक कुठे आला?"

मी सातपुड्यातला घाट आहे म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग सगळ्यात मऊ स्प्रिंग घ्या. मी मिलिमीटरला चार किलोवाल्या घेतल्या. म्हणजे चाकावर चार किलो टाकले की स्प्रिंग एक मिलिमीटर दबणार. हा हिशेब मला आवडला.

शहाद्याच्या मिस्त्रीने एका दिवसात संच बसवला. सोबतच्या कागदावर उंची दिली होती, खटके चौदा लिहिले होते. मी दोन्ही तंतोतंत ठेवले. टायर आणि मडगार्डमध्ये बासष्ट मिलिमीटर. गाडी चित्रातल्यासारखी दिसायला लागली. खोटं कशाला सांगू, मी तिच्याभोवती दोनदा फिरून आलो.

दुसऱ्या दिवशी आबांना घेऊन निघालो. पहिल्या गतिरोधकावर खालून ठक्क असा आवाज आला. दुसऱ्यावर आबांनी दाराची मूठ धरली.

"थांबाड. मले उतार."

उतरून ते रस्त्याच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शेवटी रिक्षा करून, पाय आडवे टाकून घरी आले. मी मागून रिकामी गाडी घेऊन आलो. रिकामी असताना ती त्याच गतिरोधकांवरून बिनआवाज गेली.

"कसं मोजं तू?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

मी कागद दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"खाली गाडी खोटं बोलस. मानसं बठाडीसन मोज. चार बोटं ऱ्हायनी पायजेत."

रिकामी नको, माणसं बसवून मोज म्हटल्यावर मला आबांचं जीपचं माप आठवलं. जीपच्या कमानीला पाटे असतात, एकावर एक. भार जास्त असेल तर पाटा वाढवायचा, कमी असेल तर काढायचा. नवीन पाटा टाकला, की आबा धडगावच्या बाजाराच्या दिवशी, जीप भरलेली असताना, घाट लागायच्या आधी सपाटीवर थांबायचे. जोडीदार मागून ओरडायचे, "आज जीपनं माप शे. कोन्ही उतरू नका." सगळे बसून राहायचे. मी सुट्टीत पुढे बसलेला असे. आबा खाली उतरून चाकापाशी उकिडवे बसायचे आणि हाताची चार बोटं जुळवून मडगार्डखाली घालायचे. एकदा एका बाईने मांडीवर कोंबड्यांची पाटी धरून विचारलं होतं, "आमले बाजारले जानं शे, का तुन्ही जीप तोलाले उनूत आम्ही?" जोडीदार म्हणाले होते, "तुन्हं वजन काढं तर माप चुकी जाई, माय." जीपभर हशा झाला. आबा खालूनच म्हणाले, हसू नका, गाडी हलते.

चार बोटं भरली तर जीप घाट चढायची. तीनच भरली, तर टपावरची गाठोडी खाली यायची. त्यावर वाद चालत नसे. एकोणीस वर्षांत एकही पाटा घाटात तुटला नाही, हे आबा सांगायचे आणि जोडीदार दोन्ही कानांना हात लावायचे.

आबांचं म्हणणं मला लगेच पटलं. गाडी रिकामी असताना बासष्ट, म्हणजे आम्ही दोघं बसल्यावर स्प्रिंगला दबायला जागाच उरत नव्हती आणि शॉकअप आतल्या रबरावर आपटत होता. तोच तो आवाज. पण दुखऱ्या कमरेच्या माणसाला तीन तास मिस्त्रीकडे बसवून ठेवणं मला बरं वाटलं नाही. आबांचं वजन एकसष्ट किलो. त्यांच्याऐवजी तेवढंच वजन ठेवलं की झालं, असा मी विचार केला. घरात त्या वेळी वाळलेली मिरची भरून ठेवलेली होती, भावाच्या वाट्याची. वजनकाट्यावर तोलून दोन पोती मिळून बरोबर एकसष्टची केली, एक डाव्या सीटवर, एक पायापाशी. पट्टाही लावला.

मिस्त्री शिंकत शिंकतच काम करत होता. "भाऊ, हे कोणाचं पार्सल?"

"हे आबा आहेत."

कडं फिरवून गाडी उचलली, चार बोटं घातली, खटके चौदावरून नऊवर आणले. पोती घेऊनच गतिरोधकांवरून नेली. आवाज नाही. मी वहीत लिहिलं, काम पूर्ण.

सकाळी आबा बसले, मी दार लावलं, आणि पंख्याचं बटण दाबलं.

मिरचीची भुकटी कुठे कुठे गेली असेल याचा मी हिशेब केलाच नव्हता. आबांना जो ठसका लागला तो थांबेना. बाहेर काढेपर्यंत ते वाकडे झाले होते. खोकल्याच्या प्रत्येक उबळीला कमरेत कळ येत होती, आणि मी त्यांच्या पाठीवर नुसता हात ठेवून उभा होतो. डॉक्टरांनी आठ दिवस आडवं राहायला सांगितलं.

 बायको त्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाली, आबांना पोत्याशी तोललंत, आता पोत्यालाच न्या धडगावला.

आठ दिवसांचे अकरा झाले. सीट काढून धुतली, गालिचा धुऊन उन्हात टाकला, पंख्याची नळी मिस्त्रीकडून उघडून साफ केली. रोज कचेरीतून आलो की मी आधी गाडीत बसून नाकाने मोठा श्वास घ्यायचो. सातव्या दिवसापर्यंत मला स्वतःला ठसका लागत होता. दरम्यान धडगावहून जोडीदारांच्या नातवाचा एकदा फोन आला. तो म्हणाला, आजोबांना आता समोरचं ताट दिसतं, पण ताटाशेजारचा पेला चाचपावा लागतो. मी हे आबांना सांगितलं नाही. ते पलंगावर पडल्या पडल्या ऐकत होते, हे नंतर कळलं.

बाराव्या दिवशी ते काठी घेऊन दारात उभे होते. "चाल मिस्त्रीकडे. मी बठस."

गाडी उचललेली नव्हती, जमिनीवरच. आबा डाव्या सीटवर रेलले. मी चाकापाशी बसून चार बोटं घातली, नीट भरली. तसं सांगितलं.

"कोनी बोटं?" त्यांनी आतून विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, बोटं जुळवून. मी त्याच्याशेजारी माझा हात धरला. सत्तावीस वर्षं फीत आणि कागद धरलेला हात, आणि एकोणीस वर्षं जीपचं स्टिअरिंग आणि त्याआधी औत धरलेला हात. पट्टी लावली. माझी चार बोटं त्र्याहत्तर मिलिमीटर, त्यांची एक्याऐंशी. आठ मिलिमीटरचा फरक. मोजणीत एवढ्या फरकावरून लोक अपिलात जातात, आणि मी मोजपट्टी कोणाची हे विचारलंच नव्हतं.

कडं पुन्हा फिरवलं. आबा बसलेले असताना एक्याऐंशी. मग ते खटक्यांकडे वळले. मिस्त्री एक खटका कमी करायचा, गाडीचा कोपरा दाबून सोडायचा, आणि आबा डोळे मिटून सांगायचे, अजून. पुढे पाचवर थांबले, मागे सातवर. "मांगे आखो नरम करशी तर घाटमा डोली." मागे याहून मऊ केली तर घाटात डोलेल, असं त्यांचं म्हणणं. कागदावर याच्या जवळपासही आकडे नव्हते.

मिस्त्रीने हात पुसत गाडीकडे पाहिलं. "भाऊ, उंचीला तर ती संच बसवायच्या आधी होती तशीच झाली की."

"हो," मी म्हटलं. "पण आता मोजून झालीय."

दोन दिवसांनी वर गेलो. म्हसावद सोडल्यावर आबा पायाखाली नसलेला ब्रेक दाबायला लागले. घाटात प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा तळहातही मांडीवर किंचित दाबला जायचा. मी तेवढाच वेग कमी करायचो. एका ठिकाणी डांबर उखडलेलं होतं. गाडी खाली गेली, वर आली आणि स्थिरावली, दुसऱ्यांदा हलली नाही. आबांनी मूठ धरली नव्हती.

जोडीदार अंगणात खाटेवर बसले होते. आवाज ऐकून उठले, पण गाडी त्यांना सापडेना. ते तिच्या वरून पाहत होते, जीप जिथे असायची तिथे. मग मान खाली केली.

"खाले काय बठना रे? गाडी शे का खाट?"

"खाट शे," आबा म्हणाले. "ये, निज."

त्यांना आता नळीतून पाहावं तसं दिसत होतं. त्यांनी आबांना एकदम पाहिलं नाही, तुकड्यातुकड्याने पाहिलं. आधी टोपी, मग तोंड, मग बराच वेळ हात. नंतर दार धरून ते स्टिअरिंगच्या सीटवर बसले. मी बाहेर उभा राहिलो. इतकी वर्षं मागच्या फळीवर उभं राहिलेला माणूस पहिल्यांदा पुढे बसला होता, हे मला तेव्हाच लक्षात आलं. काच बंद होती, त्यामुळे ते काय बोलले ते मला माहीत नाही. तासाभरात आबांचे पाय बधिर झाले नाहीत.

त्या वर्षी आम्ही आणखी तीनदा गेलो. आता जोडीदारांना दिसत नाही आणि आबांनाही तेवढा प्रवास झेपत नाही. दोघं फोनवर बोलतात, मोठ्याने, जणू मध्ये इंजिन चालू आहे.

माझं रविवारचं माप चालू आहे. नवी स्प्रिंग वापरून थोडी बसते, म्हणजे अंतर वर्षागणिक कमी व्हायला हवं. पहिल्या महिन्यात एक्याऐंशी होतं. मग साडेएक्याऐंशी, ब्याऐंशी. मी फीत बदलली, हवा दोनदा तपासली, फरशीला लेव्हल लावली. गेल्या रविवारी साडेब्याऐंशी आलं. स्प्रिंग ठीक आहे. डॉक्टरांच्या काट्यावर आबा आता बावन्न किलो भरतात.

"कितली?" ते आतून विचारतात.

"चार बोटं," मी सांगतो, आणि वहीत खरा आकडा लिहितो.

मग ते खिडकीतून हात काढतात, बोटं जुळवतात आणि त्यांच्याकडे पाहतात. बोटंही बारीक झाली आहेत. ती मी पुन्हा मोजलेली नाहीत.