कपाटाचा कर्ण

स्टुटगार्टजवळच्या आमच्या गावात दर शनिवारी सकाळी मी मराठी मंडळींच्या मुलांना गणित शिकवायचो. मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणजे मला गणित येत असणार, असा पालकांचा समज होता. माझाही होता.

वर्गात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी, नववीतली एक मुलगी होती. तिला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच द्यायची. पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना तिनं विचारलं, "वोत्सू?" म्हणजे, हे कशाला शिकायचं? मग मी रोजच्या जगण्यातल्या गणितावर पाऊण तास बोललो. पूल, विमानं, उपग्रह. जणू ही मुलं रोज उपग्रहातूनच शाळेत जात होती! त्यांनी अत्यंत आदरानं जांभया दिल्या.

त्याच दुपारी घरी नवं कपाट जोडायचं होतं. "अरे, माहितीपत्रक तरी बघ," बायको म्हणाली. आता इंजिनिअरनं चित्रं बघायची? मी कपाट जमिनीवर आडवं ठेवून तीन तासांत जोडलं. उंची दोनशे छत्तीस सेंटिमीटर, छत दोनशे चाळीस. "चार सेंटिमीटर शिल्लक राहतात," मी ऐटीत सांगितलं.

उभं करायला वरून त्या मुलीचे बाबा आले. मागोमाग तीही आली. आम्ही उचललं, आणि अर्ध्यात कपाटाचा कोपरा छताला लागला. "जोर लावा!" मी ओरडलो. जोर लावल्यावर छताचा पोपडा माझ्या डोक्यावर पडला.

"काका, खोली किती?" तिनं चक्क मराठीत विचारलं. मी बेडरूमची मापं सांगू लागलो.

"खोलीची नाही, कपाटाची!"

"साठ."

तिनं फोनवर आकडेमोड केली. "कर्ण दोनशे त्रेचाळीस पूर्णांक पाच. आल्झो, पास्ट निश्ट." म्हणजे, मावणार नाही. त्या वाक्यात 'कर्ण' एवढाच शब्द मराठी होता, आणि तो मीच शिकवलेला.

मला इतकी लाज वाटली की हसूच आलं. सगळे स्क्रू काढले आणि कपाट उभ्यानंच पुन्हा जोडलं. ती माहितीपत्रक हातात धरून हुकूम सोडत होती आणि मी निमूटपणे ते पाळत होतो.

पुढच्या शनिवारी मी वर्गात पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्या दिवशी एकालाही जांभई आली नाही. सगळ्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, की आपल्या घरात आडवं जोडून किती उंच कपाट उभं करता येईल. त्याच्या पुढच्या शनिवारी एकीनं तर घरच्या फ्रिजचा कर्ण काढून आणला. वर्गमूळ साफ चुकलं होतं, पण मी तिला रागावलो नाही. बोलायला मला तोंड होतं कुठे?