भिंतीपल्याडची काकू

आमची घरमालकीन काकू दारातून कधी हाक मारत नव्हती, भिंतीतूनच बोले. सिंदी मेघेच्या त्या खोलीत तिच्या आन् आमच्या घरामधी एकच पातळ भिंत. मी इकडे कुकर लावला का तिकडून आवाज ये, "वरनात मीठ टाकलं का वं? काल इसरली होती." सुरुवातीले लाज वाटे, मंग सवय झाली. हे कामावर गेले का मी दिवसभर भिंतीसंगच बोलत होती.

तिच्या बाजूनं त्या भिंतीले लागून न्हानी होती. काकाले लकवा मारला होता. पुलगावच्या मिलमधी दहा मानसं हाकारनारा मानूस, आता बसवल्याबिगर बसत नव्हता. काकू त्यायले रोज खुर्चीवर बसवून आंग धुऊन दे. "मान वर करा नवरदेव, हळद धुवाची हाये," म्हने, आन् काका हसत. थे हसनं मले आयकू ये, बादलीचं पानी बी. थेच पानी भिंतीत मुरून राह्यलं होतं, मले काय मालूम!

पयले पिवळा डाग पडला, मंग पोपडे, मंग पलंगामागं काळी बुरशी, मांजराच्या केसावानी. मी फिनाईलनं घासो, चार दिसात परत. गादी कुबट, अंशूचे कपडे कुबट. दोन वर्साचं लेकरू माह्यं, त्याची छाती घरघर वाजाले लागली, बरगड्या आत ओढत, एक डाव त्याचे ओठ निळे पडले आन् मी तशीच उचलून सावंगीच्या दवाखान्यात पळाली, पायात चप्पल नाई. तिथं वाफेची मशीन लावली. डॉक्टरीनबाई म्हने, "घरात ओल हाये का? त्या खोलीत ठेवू नका याले, दम वाढत जाईन." मी नुसती रडली. जाऊ कुठं? आन् काकूले सांगू कसं?

पन तिले सारंच आयकू ये.

"पोट्टं काऊन शिट्टीवानी खोकलून राह्यलं? डॉक्टर काय म्हने?"

"काई नाई काकू, सर्दी हाये."

"खोटं नोको बोलू. थांब, आली मी."

आली, पलंग सरकवला, भिंतीवर हात ठेवला, हाताचा वास घेतला. मंग म्हने, "हे माह्या न्हानीचं हाये."

दुसऱ्या दिसापासून ती काकाले आंगनात धुवाले लागली, दोरीवर लुगडं बांधून. समोरून रस्ता. काका डोये मिटून बसत, हसनं बंदच झालं. "म्हाताऱ्याले कोन पाह्यते?" काकू म्हने, पन रस्त्याकडं पाठ करून तीच उभी राहे. मी माह्या बाजूची खिडकी लावून घेओ.

तरी भिंत सुकली नाई. अंशूले परत दम लागला. तवा काकू दारात येऊन म्हने, "खोली खाली कर."

"काकू, काई चुकलं का आमचं?"

"चुकलं नाई वं बाई. लेकराले मारतं का इथं? मी पाह्यली एक खोली, उनाची हाये. सामान बांध." मी गळ्यात पडली तं म्हने, "सर, रडू नोको. मले काकाची कूस बदलाची हाये."

आता अंशू बरा हाये. तरी मी संध्याकाळी त्याच्या छातीले कान लावते, भेव काई जात नाई.

परवा आमी काकूले भेटाले गेलो. अंशू "आज्जी, आज्जी" करत घराकडं पळाला, तं काकूनं त्याले फाटकातच धरलं. "हा आत येनार नाई. तू जाय, काकाले भेटून ये."

मी गेली. थंडी बाधली म्हनून काकाले परत न्हानीतच धूत होती ती. भिंतीचं काळं आता काकाच्या उशापर्यंत आलं होतं. काकानं मले ओळखलं, बोलाले गेले, आन् खोकलाच आला. थांबेच ना. मी पाठ चोळली, पानी पाजलं, तोंड पुसलं.

बाहेर काकू अंशूले मांडीवर घेऊन मातीतच बसली होती.

"काकू, तुमी बी निंघा इथून," म्या म्हनलं.

"पलंगावर पडलेला मानूस घेऊन गेलं तं कोन खोली देते वं?" तिनं अंशूचं नाक पदरानं पुसलं, त्याले माह्या कडेवर देल्लं. "जाय. हवा थंड सुटली, याचे कान झाक."

आन् फाटकाले आतून कडी घातली.