मामांचं अ‍ॅव्हरेज

गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, या एका प्रश्नाचं खरं उत्तर मिळावं म्हणून आमच्या हिच्या मामांनी जेवढा जीव टाकला, तेवढा लोक मुलीचं लग्न ठरवतानाही टाकत नाहीत. हे मी हिच्यासमोर बोलत नाही, कारण माहेरच्या माणसांबद्दल खरं बोलण्याची मुभा जावयाला नसते. रस्त्यात कुणी ‘काय मामा, बरं हाय ना?’ म्हणून विचारलं, की त्यांच्या वयाची माणसं गुडघ्याचं नाहीतर शुगरचं सांगतात. मामा म्हणतात, “बरं कसलं? मागच्या टाकीला अर्धा किलोमीटर कमी आलं.” समोरचा मामांच्या मुकुंदवाडीचाच असला तर हळहळतो आणि पुढे जातो. नवखा असला तर घरी येऊन मामींना सांगतो, की यांच्याकडे जरा लक्ष असू द्या.

मामा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. जन्मभर नट-बोल्ट मोजून दिले आणि मोजून घेतले. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी पेट्रोलवरचा एक छोटा ट्रक घेतला, ज्याला आपल्याकडे सगळे छोटा हत्ती म्हणतात, आणि एका मंडपवाल्याच्या खुर्च्या वाहायला सुरुवात केली. खुर्च्याच का, तर प्रत्येक खुर्चीचं वजन सारखं. एकदा मोंढ्याच्या बाजारातल्या एका आडत्याने कांद्याचं कायमचं भाडं देऊ केलं, तर मामांनी हात जोडले. “कांदा वाटेत वाळतो,” ते म्हणाले, “निघताना एक वजन, पोचताना दुसरं. आपल्याला नाय जमायचं.” तो आडत्या अजून ही गोष्ट रंगवून सांगतो. मला आधी वाटायचं, हा सगळा खटाटोप पैसे वाचवायचा आहे. तसं नव्हतं. त्यांना फक्त आकडा खरा हवा असायचा. फुलंब्रीच्या रस्त्याला चौक्याच्या उतारावर बाकीचे ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करून सोडून देतात. मामांनी कधी केली नाही. “ते लबाडीचं अ‍ॅव्हरेज,” असं म्हणून ते उतारावरसुद्धा गाडी गिअरमध्ये ठेवायचे. या माणसाबद्दल मला आदर वाटू लागला तो इथून.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला लागले तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. मामांना ते टाकीनेच सांगितलं. आधी थोडंथोडकं, मग दहा टक्के, मग वीस. पंपावरच्या माणसाला ‘आज किती टक्के?’ असं विचारणारं गिऱ्हाईक त्याने जन्मात पाहिलं नव्हतं; तो म्हणाला, “चाचा, डिस्काउंट नहीं है.” तेव्हा मामांनी घरीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. खोकल्याच्या औषधाची रेघा असलेली बाटली, तिच्यात पेट्रोल, वरून थोडं पाणी, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याला जाऊन मिळतं, तळाचं पाणी वाढतं, आणि किती वाढलं त्यावरून टक्के निघतात. मामींना ती बाटली एकदा देवघराच्या कोनाड्यात पेटत्या निरांजनाशेजारी दिसली. “सगळी गल्ली पेटवून टक्के काढायचे का तुमाला?” एवढंच त्या म्हणाल्या, पण त्या दिवसापासून इथेनॉलचा मुक्काम न्हाणीच्या छपरावर हलला.

टाकी फुल करायची मामांची पद्धत अशी, की ते लांबून दिसले तरी पंपावरचे लोक चहाला निघून जायचे. पंप तोच, नळी तीच, वेळ सकाळची नाहीतर ऊन उतरल्यावरची, कारण उन्हात पेट्रोल फुगतं. गाडीची पुढची चाकं कुठे उभी करायची त्याची खडूची रेघ त्यांनी तिथल्या फरशीवर मारून ठेवली होती. नळी आपोआप बंद झाली, की बाकीच्या जगाची टाकी भरते. मामांची तिथून सुरू व्हायची. ते खाली उतरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवायचे. “हवा निघू द्या, हवा!” मागे रिक्षावाले हॉर्न वाजवून बेजार. पुन्हा थोडं पेट्रोल, पुन्हा हलवणं, असं करत टाकीच्या तोंडाशी पेट्रोल डोळ्यांनी दिसलं की मगच झाकण लागायचं. एका रिक्षावाल्याने विचारलं, “बाबा, गाडीला जुलाब झाले का?” मामांनी अत्यंत गांभीर्याने सांगितलं, “नाय, तपासणी चालू हाय.”

खरी तपासणी मात्र फुलंब्रीच्या फेरीची. तिथे मामांचे थोरले भाऊ शेती करतात. मामा त्यांना दादा म्हणतात आणि मी थोरले मामा म्हणतो. रविवारी सकाळी मुकुंदवाडीहून टाकी फुल करून निघायचं, हर्सूल, सावंगी, चौका करत फुलंब्री गाठायची, थोरल्यांकडे जेवायचं, त्याच रस्त्याने परत येऊन त्याच पंपावर टाकी पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा. सोबतीला मी. माझी निवड गप्पांसाठी झाली नव्हती. “तुमचं वजन लई इमानदार हाय, जावईबापू,” मामा म्हणाले होते, “लग्नापासून हाललं नाय.” निघण्याआधी ते मला काट्यावर उभं करायचे. घरून नाश्ता करून यायची बंदी होती. वाऱ्याने गाडी ओढते म्हणून भर एप्रिलातही काचा बंद. फुलंब्रीला थोरल्या मामी धपाटे आणि ठेचा वाढायच्या तेव्हा मामा माझ्या ताटाकडे बघत म्हणायचे, “बास आता, परतीला जड होताल.” बँकेतली माझी नोकरी आठवडाभर मला जेवढं दमवायची नाही, तेवढा मी त्या एका रविवारी दमून यायचो, तरी जायचो. जावई म्हणून जायचो हे खरं, पण त्या बंद काचांच्या मागे एक माणूस इतकं मन लावून काहीतरी खरं शोधतोय, हे बघायला मला आवडायचंही.

आणि तरीही, एवढा हिशेबी माणूस एक गोष्ट हिशेबात धरायची विसरला होता. आमच्याकडे भावाच्या दारातून भावाची गाडी रिकामी जाऊ देत नाहीत. आम्ही ओसरीवर जेवून हात पुसत असायचो तोवर थोरले मामा मागचा फाळका पाडून गाडीच्या हौद्यात काय काय चढवत असायचे. ज्वारीचं पोतं, बाजरी, कांदे, भोपळे, मामींच्या कुंड्यांसाठी शेणखत, एकदा तर जुना पाटा. थोरल्यांनी बरंचसं रान मक्याखाली आणलं होतं. मक्याचं इथेनॉल होऊ लागलं तसे व्यापारी बांधावर येऊन माल उचलायला लागले, दोन खोल्यांवर स्लॅब पडला, आणि जसजसं त्यांचं बरं चाललं तसतशी आमच्या हौद्यातली पोतीही वाढत गेली. मामा ती घरी नेऊन अर्ध्या गल्लीला वाटायचे. मला काट्यावर उभं करणाऱ्या या माणसाने ती पोती कधी वजनात धरली नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात ते कधी आलं नाही. मीही इथलाच. भावाने दिलेलं ओझं असतं, असं आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

अ‍ॅव्हरेज अठरावरून घसरत घसरत पंधरावर आलं होतं. त्या रविवारी थोरल्यांच्या ओसरीवर मक्याचा व्यापारी आला होता, शेजारपाजारचे शेतकरीही बसले होते. कुणीतरी गमतीने विचारलं, “काय म्हणतं अ‍ॅव्हरेज?” आणि मामांचा तोल सुटला.

“म्हणायचं काय? पंधरावर आलं. ही सगळी भेसळीची करामत. तुमचा मका पेट्रोलमधी घालत्यात आन् आमच्या गाड्या दमत्यात.”

थोरल्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली. “माझा मका भेसळ व्हय रे?”

“तसं नाय, दादा. मी पेट्रोलचं म्हणलं.”

“पाण्याच्या पाळीला म्या येळ-अवेळ उठतो. तुझी वयनी कंबर मोडून खुरपती. आन् तू धा माणसांत भेसळ म्हणतो?”

इथे मामांनी ‘चुकलं’ म्हटलं असतं तर मिटलं असतं. ओसरीवरची सगळी माणसं त्यांच्याकडे त्याच आशेने बघत होती. पण आकड्याच्या बाबतीत मागे सरकायची सवय या माणसाला नव्हती. ते खाली बघत म्हणाले, “आकडा तो आकडा, दादा.” थोरले उठून आत गेले. थोरल्या मामी भोपळा घेऊन दारात आल्या होत्या, त्याही नवऱ्यामागे आत वळल्या. त्या दिवशी आमच्या गाडीचा फाळका कुणी पाडला नाही.

आम्ही तसेच परत निघालो. पंपावर रेघेवर चाकं लावली, गाडी हलवली, पेट्रोल तोंडाशी आलं, मामांनी मनात भागाकार केला आणि पुन्हा केला. सतराच्याही वर आलं होतं. मी आपला उत्साहाने म्हणालो, “मामा, वाढलं की!” ते मागे जाऊन रिकाम्या हौद्याकडे बघत उभे राहिले.

“जावईबापू,” ते हळूच म्हणाले, “आपण पोती धरलीच नाय कधी.”

मग मला उलगडलं. इथेनॉलने खाल्लं होतं ते एखादा किलोमीटर, बाकीचं सगळं थोरल्यांच्या पोत्यांनी खाल्लं होतं. मका जवळजवळ निर्दोष होता. मी म्हणालो, मग उद्याच जाऊन दादांना सांगा, मिटेल सगळं. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझी बँकेतली अक्कल कळली. “काय सांगू? तुजा मका चांगला, तुजी पोती जड? आयुष्यभर त्यानं दिलं, आन् म्या त्याचं वजन करू?” शिवाय एका फेरीने काही सिद्ध होत नव्हतं. पक्कं सांगायचं तर आणखी काही फेऱ्या रिकाम्या मारायला हव्या होत्या, म्हणजे भावाच्या दारातून भावाने दिलेलं नाकारून यायला हवं होतं. इतकी वर्षं ज्या उत्तराच्या मागे ते लागले होते ते अगदी हाताशी आलं होतं. ते मिळवायचं तर भाऊ जात होता. एवढी साधी गोष्ट, पण माणूस तिथे पंपावर पार खचून गेला, आणि मला त्यांची फार दया आली.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. थोरले ओसरीवर बसले होते. उठले नाहीत, ‘या’ही म्हणाले नाहीत. मामांनी गाडी तशीच मागे घेत कोठाराच्या दाराशी लावली, उतरून फाळका पाडला, आणि पुन्हा येऊन सीटवर बसले. मी शेजारी. काचा बंद, घामाच्या धारा. आरशात थोरले दिसत होते, गाडीच्या उघड्या हौद्याकडे बघत बसलेले. शेवटी ते गुडघ्यावर हात टेकत उठले, कोठारात गेले आणि आतून ओरडले, “धर की मग येका अंगानं! का म्या येकट्यानं उचलू?” मामा पळत गेले. मला वाटतं, त्या वयात ते इतके जोरात पळल्याचं कुणी पाहिलं नसेल. दोघा भावांनी मिळून एवढी पोती चढवली, की गाडीच्या स्प्रिंगचे पाटे चपटे झाले. मग ओसरीवर तेच शेजारी जमले असताना मामांनी आपण होऊन सांगितलं, “माझा हिशेब चुकला होता. मक्याचा काय दोष नाय.”

“मग कशाचा?” एकाने विचारलं.

“गाडी म्हातारी झाली आसंल,” मामा म्हणाले. उतारावरही गाडी गिअरमधून न काढणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेलं खोटं तेवढंच. थोरले खूश झाले. “तरी म्या म्हणत व्हतो,” म्हणून त्यांनी आत हाक मारून चहा सांगितला.

त्याला आता काही वर्षं झाली. हल्ली वीस टक्क्यांवरून जो तो मोबाइलवर भांडत असतो, आणि मुकुंदवाडीतले लोक मोठ्या भरवशाने मामांकडे येतात, की खरं काय ते तुम्हीच सांगा. मामा म्हणतात, “मला नाय सांगता यायचं. माझ्या गाडीत कायम माल असायचा.” लोकांना वाटतं, म्हातारा टाळतोय. रिकामी फेरी त्यांनी पुन्हा मारली नाही.

थोरल्या मामांना आता उठवत नाही. रान वाट्याने दिलंय. परवा गेलो तर ते खाटेवर होते. मामांचा हात हातात धरून बराच वेळ बसून राहिले. निघताना त्यांनी उशाजवळची एक पिशवी पुढे सरकवली. आत मक्याची चार कणसं होती. “यंदा येवढंच,” ते म्हणाले. मामांनी ती पिशवी दोन्ही हातांनी घेतली, हौद्यात ठेवली नाही, माझ्या मांडीवर दिली, आणि वाटेत दोनदा विचारलं, की नीट धरलीय ना. पंपावर रिकाम्या हौद्याची गाडी रेघेवर लावली, नळी आपोआप बंद झाली, आणि मामा खाली उतरलेच नाहीत. मी झाकण लावायला सांगितलं आणि सवयीने विचारलं, “किती आलं, मामा?”

“आज नको काढायला,” ते समोर बघत म्हणाले. “आज चांगलं येईल.”